घरून मोडून आणलेला पाय

पोपट माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा. आमच्या गडब गावच्या शाळेत आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे माझ्या वडिलांनी, ते मास्तर होते म्हणून, मला पेणला शिकायला घातलं आणि त्याच्या वडिलांनी त्याला भातशेतीत घातलं. इतकं शिकून मी करतो काय, तर हायवेच्या नाक्यावर झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि लोकांचे अर्ज लिहून देतो. माझं नाव सुश्रुत. शस्त्रक्रियेच्या थोर आचार्याचं नाव घेऊन मी रेशनकार्डावरची नावं वाढवायची आणि कमी करायची कामं करतो. वडील असते तर त्यांना धन्य वाटलं असतं.

पोपटची सगळी कागदपत्रं माझ्या हातची आहेत. त्यामुळे त्याची हकिकत सांगायचा अधिकार माझा आणि त्यातला बराचसा दोषही माझाच.

त्याच्या नोकरीची पहिली चौदा वर्षं पेणला दामोदरकाकांच्या पोह्यांच्या गिरणीत गेली. दामोदरकाका गिरणीचे मालक. पण त्यांना मालक म्हटलेलं चालत नाही, शेठ म्हटलेलं तर मुळीच नाही. "अरे, आपलं कुटुंब आहे हे," असं ते म्हणतात. या कुटुंबात बावीस माणसं होती आणि कुटुंबप्रमुख सोडून एकालाही रविवारची सुट्टी नव्हती. कुटुंबात कुणी सुट्टी मागतं का? पोपटकडे भट्टी होती. भिजवलेलं भात तापलेल्या वाळूत भाजायचं काम. ते किती भाजायचं हे त्याला वासावरून कळायचं, आणि दिवाळीच्या आधीचे दोन महिने त्याला दुसरा कसलाच वास यायचा नाही. एकदा तो तापाने पडला तेव्हा काका स्वतः गडबला आले, पाव किलो पेढे आणले, उशाशी बसले, "तुझ्याशिवाय भट्टीला हात लावू देत नाही मी कुणाला," म्हणाले आणि उद्या सकाळी सहाला हजर राहायला सांगून गेले. पोपटला गहिवरून आलं. पेढे त्याच्या मुलीने खाल्ले.

गाडी अडली ती एका कागदावर. मुलीच्या, मनालीच्या, शाळेच्या फॉर्मला वडील कुठे काम करतात त्याचं पत्र जोडायचं होतं. पोपटने काकांकडे पत्र मागितलं. काकांना इतकं दुःख झालं की त्यांनी चष्मा काढून पुसला. "घरच्या माणसाला कसलं रे पत्र?" ते म्हणाले. पोपटने तीन वेळा मागितलं आणि काकांना तिन्ही वेळा दुःख झालं. शेवटी मी त्या फॉर्मवर 'शेती' असं लिहिलं.

तो कागद पोपटच्या डोक्यात बसला. चौदा वर्षं एका जागी राबून आपण तिथे राबतो असं जगात कुठेच लिहिलेलं नाही, हे त्याला सहन होईना. गावात सहा जण रोह्याच्या कंपनीत परमनंट होते. त्यांच्याकडे पत्र होतं, त्यावर शिक्का होता, आई-बापांच्या दवाखान्याचं कार्ड होतं. पोपटची आई हौसा हिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. "मला पन एक पत्र पायजे," पोपट म्हणाला आणि काकांचं कुटुंब सोडून रोह्याला गेला.

कंपनीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हाला उच्चारता येणार नाही, मलाही येत नाही. अकरा देशांत तिचे कारखाने आहेत आणि आम्ही तिला नुसतं 'कंपनी' म्हणतो. पोपट तिथे ठेकेदाराकडून लागला. अकरा महिने काम, एक महिना घरी, पुन्हा अकरा महिने. अशी सहा वर्षं. पण थाट काय! हेल्मेट, नारिंगी जाकीट, चष्मा, पुढे लोखंड घातलेले बूट. पहिल्या दिवशी कंपनीच्या बसमधून नाक्यावर उतरला तेव्हा गल्लीतली कुत्री त्याच्यावर भुंकली. गेटवर मोठा फलक होता: 'आपण सारे एक कुटुंब'. पोपटचं स्वतःचं धरून हे तिसरं कुटुंब, आणि तिन्हीकडे वजनं उचलायला तोच.

कंपनीला सुरक्षिततेचं भारी वेड. रोज सकाळी हात पुढे करून शपथ घ्यायची. गेटच्या आत एक पाटी होती, 'अपघाताविना दिवस', आणि तिच्यावरचा आकडा रोज एकाने वाढायचा. शिवाय प्रत्येक कामगाराने महिन्याला दोन कार्डं भरून द्यायची: आपल्या डोळ्यांसमोर कोणता अपघात थोडक्यात टळला. कुणाच्याच डोळ्यांसमोर महिन्याला नेमके दोन अपघात टळत नाहीत. म्हणून पोपट महिनाअखेरीस कोरी कार्डं घेऊन माझ्या दुकानात यायचा आणि मी अपघात टाळून द्यायचो. जिन्यावर पाणी सांडलं होतं, पण मी पाहिलं. सहकाऱ्याने चष्मा घातला नव्हता, पण मी आठवण केली. माझ्या दुकानात बसून मी त्या कंपनीत शंभर-सव्वाशे माणसांचे प्राण वाचवले असतील.

एकदा मात्र पोपट म्हणाला, "ह्या टायमाला खरा लिव. डरम भरतो ना आमी वरच्या मजल्यावर, तिथली चालायची जाळी हलते. तिचे दोन बोल्ट गेलेत." मी खरं लिहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा लिहिलं. तिसऱ्या महिन्यातही लिहिलं, आणि त्या कार्डाला 'उत्कृष्ट सूचना' म्हणून बक्षीस मिळालं. सुरक्षा अधिकारी रितेश साहेबांनी टाळ्यांच्या गजरात पोपटला पाण्याची स्टीलची बाटली दिली. जाळी होती तशीच राहिली. कार्डं मोजण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, आणि मोजणीत पोपट एकदाही कमी पडला नव्हता.

पाटीवर नऊशे पंच्याण्णव आकडा होता त्या सोमवारी ती जाळी एका बाजूने खाली गेली आणि पोपटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत तिच्यात अडकला. नडगीची दोन्ही हाडं मोडली. कंपनीच्या गाडीतून त्याला रोह्यात दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं आणि संध्याकाळी घरी आणून सोडलं. सोबत कंपनीच्या ऑफिसातल्या मृणाली मॅडम होत्या. माणसांचं खातं त्या बघतात. पुण्याहून आलेल्या, रोह्याजवळ वरशाला फ्लॅट घेऊन राहणाऱ्या, आवाज गोड. जाताना त्या पोपटला म्हणाल्या, "काका, उद्या सकाळी साडेसहाला गाडी येईल हं तुम्हाला न्यायला."

पोपटला वाटलं दवाखान्यात न्यायला. गाडी त्याला कामावर न्यायला आली.

यामागे मोठं शास्त्र आहे. ते मला पोपटने सांगितलं आणि त्याला रितेश साहेबांनी. अपघात झाला की पाटीवरचा आकडा शून्य होतो. पण अपघात मोजायचा कधी, तर माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकला नाही तर. आला, तर दिवस वाया गेला नाही. दिवस वाया गेला नाही, तर अपघात झाला नाही. हजर असलेल्या माणसाला अपघात झालेला नसतो. शनिवारी हजार दिवस भरत होते. बाहेरच्या देशातून मोठे साहेब यायचे होते, केक कापायचा होता, झाड लावायचं होतं. पाच दिवसांसाठी दोन हाडांचं ऐकून आकडा शून्य करायचा, एवढी ती कंपनी भाबडी नव्हती.

मंगळवारपासून रोज सकाळी पांढरी एसी गाडी आमच्या आळीत शिरू लागली. दोन माणसं पोपटला खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवायची. गाडी नागोठण्यावरून भिसे खिंडीतून रोह्याला जायची, आणि खिंडीतल्या प्रत्येक वळणाला पोपटचं हाड त्याला स्वतःची आठवण करून द्यायचं. तिथे त्याला ट्रेनिंगच्या खोलीत बसवून सुरक्षिततेची फिल्म लावून द्यायचे. तिच्यात एक गोरा माणूस शिडीवरून पडायचा. पोपटने त्याला चार दिवसांत तीस-चाळीस वेळा पडताना पाहिलं. संध्याकाळी सातला घरी आला की गोळी घेऊन तो झोपून जायचा. आणि या सगळ्याचा त्याला राग यावा ना? त्याला कौतुक! "सुश्रुत, साहेब लोक किती करतात रे माझ्यासाठी! मशीनची कॉफी देतात." परमनंटची यादी दोन महिन्यांत लागायची होती आणि तिच्यात पोपटचं नाव आहे, असं मॅडमनी त्याला प्लास्टर ओलं असतानाच सांगितलं होतं.

या सगळ्या शास्त्रात कंपनीने एक गोष्ट धरली नव्हती. आमच्याकडे कुणाचं हाड मोडलं की सगळी भावकी त्याला बघायला जाते. जावंच लागतं. बिस्किटचा पुडा, केळी, नारळ घेऊन जायचं, खाटेच्या बाजूला बसायचं, "कसा पडलास?" विचारायचं आणि आपण स्वतः कधी कसे पडलो होतो ते सविस्तर सांगायचं. जो जात नाही त्याचं नाव निघतं. ज्याच्याकडे कुणी येत नाही तो माणसात नाही असं होतं. आणि इथे पेशंटच घरी नाही! भावकीतली इंदुबाई दोन वेळा येऊन रिकामी खाट बघून गेली. तिसऱ्या दिवशी तिने आळीभर बोलून दाखवलं की हौसाला आता माणसं नको झालीत, पोराला लपवून ठेवते.

हौसाला हे फार लागलं. पोराच्या पायापेक्षा जास्त लागलं म्हणणार नाही, पण फार कमीही नाही. शुक्रवारी ती माझ्या दुकानात आली. "बाबा, माणसा घरी येऊन 'गो बाय, गो बाय' करत परत जातात. आमच्या घरात असा कधी नाय झाला. उद्या आमी तिकडंच जातो, कंपनीत. तू चल, तुला पाट्या वाचता येतात."

शनिवारी टेम्पो केला. एकोणीस माणसं, केळ्यांचे चार डझन, नारळ, बिस्किटं. हाड जुळावं म्हणून हौसाने पहाटे उठून बोकडाच्या पायाचा रस्सा केला होता, तो किटलीत भरून मांडीवर धरला होता. खिंडीत तो थोडा इंदुबाईच्या लुगड्यावर सांडला, पण ती म्हणाली राहू दे.

गेटवर झेंडूची माळ आणि पाटीवर आकडा हजार. वॉचमनने विचारलं, "कुणाला भेटायचंय?"

"पेशंटला," एकोणीस जणांनी सांगितलं.

"इथं पेशंट नाय. ही कंपनी हाय. आणि किटलीत काय? पातळ पदार्थ आत न्यायला परवानगी नाय."

त्याच्या मागे रसायनांच्या तिमजली टाक्या उभ्या होत्या. हौसाने त्या टाक्यांकडे पाहिलं, आपल्या किटलीकडे पाहिलं, आणि ती तिथेच फतकल मारून बसली. बाकीच्या बायका तिच्या बाजूला बसल्या. तेवढ्यात आतून मोठे साहेब झाड लावायला बाहेर आले. उंच, लालबुंद, हेल्मेटखाली घामाघूम. मागे रितेश साहेब, त्यांच्यामागे मृणाली मॅडम. साहेबांनी केळी-नारळ घेऊन बसलेला हा घोळका पाहिला आणि विचारलं, ही माणसं कोण?

रितेश साहेबांचा चेहरा प्लास्टरसारखा झाला. मॅडमनी मात्र एक क्षणही घेतला नाही. त्यांनी इंग्रजीत सांगितलं की ही आसपासच्या गावातली मंडळी. हजार दिवसांचं समजलं म्हणून अभिनंदन करायला स्वतःहून आली आहेत, इथे अशी पद्धत आहे.

साहेब विरघळले. दोन्ही हात जोडून ते इंदुबाईपुढे वाकले. लगेच सगळ्यांना आत घेतलं, एकोणीस हेल्मेटं आली, बायकांनी ती पदरावरून घातली. मांडवात बसवून प्रत्येकाला एक खोका दिला: ढोकळा, वेफर, पेढा. पोपटला चाकांच्या खुर्चीतून ढकलत आणून व्यासपीठाच्या टेबलामागे बसवला. टेबलावरून खालपर्यंत कापड सोडलेलं होतं, त्यामुळे कमरेपासून वरचा पोपट तेवढा दिसत होता, आणि तेवढा पोपट धडधाकट होता. आपली माणसं पाहून तो लग्नातल्या नवऱ्यासारखा हसत होता.

मग साहेबांनी इच्छा व्यक्त केली की गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने दोन शब्द बोलावेत. कुणीतरी हौसाच्या हातात माईक दिला. ती उभी राहिली. तिला साहेब नीट दिसत नव्हता, नुसता लाल ठिपका दिसत असणार, पण ती त्याच्याकडे तोंड करून बोलली.

"साहेब, माझ्या पोराचा पाय इथं मोडला. तुमच्या जाळीत. त्याला घरी पडू द्यायचा सोडून रोज उचलून आनता, मंग हाड जुळायचा कसा? रातचा कण्हतो तो. मी रस्सा करून आनला, तो पन भायेर ठेवला तुमी. मला तुमचा काय नको. माझ्या पोराला घरी पाठवा."

मॅडमनी माईक हळूच घेतला आणि साहेबांना इंग्रजीत सांगितलं, ही आई म्हणते की या कंपनीमुळे माझा मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहिला. इथे त्याला घरच्यासारखंच वाटतं.

तिथे इंग्रजी समजणारा आमच्यातला मी एकटाच होतो. माझ्या तोंडात ढोकळा होता. गिळायला दोन क्षण पुरले असते, आणि मग मला उठून बोलता आलं असतं. मी तो सावकाश चावला. पोपट व्यासपीठावरून माझ्याकडे बघून डोळ्यांनी सांगत होता, गप बस, यादी लागायचीये. तो तसं सांगत नसता तरी मी उठलो असतो की नाही, ते मला आजही खात्रीने सांगता येत नाही.

साहेबांनी खिशातून रुमाल काढून डोळे टिपले. टाळ्या वाजल्या. टेम्पोत बसल्यावर हौसा मला म्हणाली, "बघितलास? रडला तो. परदेशी हाय, पन आईचा बोलना त्याला कळला." मी मान हलवली. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या पेजवर फोटो आला, आणि तिथून गावच्या व्हॉट्सॲपवर. फोटोतली सगळी माणसं कमरेपर्यंत कापलेली होती.

सोमवारी गाडी आली नाही. मॅडमचा फोन आला. त्यांनी पोपटला समजावून सांगितलं की हेड ऑफिसकडून कधीही तपासणी येऊ शकते. पाय कंपनीत मोडला असं निघालं तर जुने हजार दिवस रद्द होतील, मोठी चौकशी लागेल, आणि चौकशी चालू असताना परमनंटची यादी कशी लागणार? त्यापेक्षा त्याने आपल्या अक्षरात एक कागद द्यावा. ही बाई दुष्ट होती असं मी म्हणत नाही. तिची स्वतःची नोकरीही अजून पक्की व्हायची होती, हे मला नंतर कळलं. तिच्याही डोक्यावर कुठलातरी आकडा होता.

'आपल्या अक्षरात' म्हणजे माझ्या. पोपटची बायको वैशाली हिने त्याला रिक्षातून दुकानावर आणला.

"लिव," पोपट म्हणाला. "रविवारी घरी अंगणात पडलो."

"पोपट, हे खोटं आहे."

"कार्डां खरी लिवायचास का तू? सहा वरसा खोटा लिवलास, तवा तुझा हात नाय दुखला." मग त्याचा आवाज खाली आला. "एक कागद दिला का एक कागद भेटतो रे. आईच्या डोळ्यांचा काम होईल. लिव ना."

मी लिहिलं. आणि लिहायला बसलो की मला राहवत नाही, मी चांगलंच लिहितो. 'रविवारी सायंकाळी राहत्या घरी अंगणात पाय घसरून पडलो. पाय दुखत असतानाही कर्तव्यभावनेने सोमवारी कामावर हजर झालो. तेथे दुखणे वाढले. यात कंपनीचा काही दोष नाही.' कर्तव्यभावनेने हा शब्द माझा. माणसं घरून डबा आणतात तसा पोपटने मोडका पाय घरून आणला, असं मी शुद्ध मराठीत सिद्ध केलं. त्याने खाली सही केली. सही करताना तो इतका खूश होता की पेन परत द्यायचं विसरला.

सहा आठवडे तो बिनपगारी घरी होता. भावकी रीतसर बघून गेली, इंदुबाई तीन वेळा. सातव्या आठवड्यात प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं, पण वाकडं; पाच दिवस खिंडीतून हिंदकळलं त्याचं ते बक्षीस. चालताना पोपट डावीकडे झुकू लागला. परमनंटच्या आधी कंपनीच्या डॉक्टरची तपासणी होती. दहा दिवसांनी त्याच्या हातात पाकीट पडलं. वर कंपनीचं चिन्ह, आत जाड कागद, खाली शिक्का. ते पाकीट त्याने फोडलंही नाही. देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि मग माझ्याकडे वाचायला आणलं.

मी एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण वर बघायची माझी हिंमत होईना.

"काय लिवलाय?"

त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की डाव्या पायातल्या दोषामुळे उमेदवार प्लांटच्या कामास अपात्र आहे. सदर दुखापत उमेदवाराच्या स्वतःच्या लेखी निवेदनानुसार घरी झालेली असून कामाशी संबंधित नाही, सबब कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही. ठेकेदाराकडचं कामही त्याच कारणाने संपलं होतं. कंपनी त्याला पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा देत होती.

मी मराठीत सांगितलं. मॅडमनी केलं तसं भाषांतर करायचा मोह मला झाला, खोटं कशाला बोलू. पण सगळं जसंच्या तसं सांगितलं. पोपट बाकावर बसला. मी म्हटलं, तक्रार करू, अलिबागला जिल्ह्याच्या कचेरीत जाऊ, बोकडाचा रस्सा घेऊन एकोणीस माणसं गेली होती, ती साक्ष देतील.

"सही माझी हाय ना खाली," तो म्हणाला. "मंग?"

मला स्वतःची लाज वाटली. इतकी की त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं. पोपटला आयुष्यात एक कागद हवा होता, ज्यावर दुसऱ्या कुणीतरी त्याच्यासाठी सही केलेली असेल. तो आला तेव्हा त्यात हे लिहिलेलं होतं, आणि ते लिहायला लागणारा मालमसाला मी पुरवला होता.

घर चालायला हवं होतं. पंधरा दिवसांनी मी त्याला घेऊन पेणला दामोदरकाकांकडे गेलो. गिरणीत भाजल्या भाताचा वास भरून राहिला होता. काका कॅलेंडरखाली खुर्चीत बसले होते. पोपटला लंगडत येताना पाहून ते उठून उभे राहिले, खरंच उभे राहिले.

"अरे, काय झालं हे? कुठे पडलास?"

पोपटने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कंपनीत."

काकांचा संताप बघण्यासारखा होता. "माणुसकी नाही रे त्यांच्यात! परदेशी लोक, त्यांना माणूस म्हणजे नुसता नंबर. आपल्याकडे असं झालं असतं का कधी?" त्यांनी चहा मागवला, पोपटला शेजारी बसवलं, त्याच्या पायावरून हात फिरवला. भट्टी आता त्याला झेपणार नाही हे त्यांना न सांगता कळलं. बसून पोहे निवडायच्या कामावर, बायकांच्या ओळीत, त्याला आजपासूनच घ्यायला ते तयार झाले. पोपटचे डोळे भरले. मलाही क्षणभर वाटलं, आपण या माणसावर उगाच इतकी वर्षं दात धरला.

चहा संपल्यावर काका मला म्हणाले, "सुश्रुत, तुझं अक्षर चांगलं आहे. एक लहानसं लिहून दे याच्याकडून. हा पाय आधीच मोडलेला होता, गिरणीशी त्याचा संबंध नाही, एवढंच. माझा याच्यावर विश्वास आहे रे, पण हल्ली दिवस असे आलेत." आणि टेबलाचा खण उघडून त्यांनी कोरा कागद काढला. चौदा वर्षांत या गिरणीतून पोपटच्या नावाने निघालेला तो पहिला कागद.

मी पेन हातात घेतलं, तारीख घातली, पोपटचं पूर्ण नाव लिहिलं आणि थांबलो.

पोपट माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याने हळू आवाजात, अगदी मनापासून विचारलं, "ह्या टायमाला कुठं पडलो लिवतोस?"

"जिथे पडलास तिथे," मी म्हणालो आणि लिहिलं. जाळी, दोन बोल्ट, तीन कार्डं, तारीख, वार, सगळं लिहिलं. काकांनी वाचलं, खूश झाले. जेवढं सविस्तर तेवढे ते मोकळे. त्या पायाबद्दल जगात खरं लिहिलेला तेवढा एकच कागद होता आणि तो त्यांनी घडी घालून आपल्या कपाटात कुलपात ठेवला.

सही करण्याआधी पोपटने तो माझ्याकडून दोन वेळा वाचून घेतला होता, ओठ हलवत. कागद कुलपात गेला तरी त्याचे ओठ हलतच होते. "पाठ करतो," तो म्हणाला. "मागला पन पाठ केलेला. कुनी इचारला तर चुकायला नको."

"अरे, हे खरं आहे," मी म्हटलं. "खरं कशाला पाठ करायला लागतंय?"

"खरा असला म्हनून काय झाला?" पोपट म्हणाला. "सही केलीय ना." आणि तो भिंत धरत धरत बायकांच्या ओळीत जाऊन बसला.